बाथटब नसलेल्या घरासाठी बाथ सॉल्ट: मीठ निवडण्यापासून बरणी भरेपर्यंत सगळं

बाथ सॉल्टच्या रेसिप्या नेटवर ढिगाने आहेत पण त्यातल्या जवळपास सगळ्या बाथटब असलेल्या घरासाठी लिहिलेल्या असतात, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत असते ती बादली, मग आणि फार तर प्लॅस्टिकचा एक टब. मग लोक तीच रेसिपी घेऊन दोन मुठी मीठ बादलीत टाकतात, मगाने भराभर अंगावर ओततात आणि म्हणतात काही फरक नाही पडला. पडणारच नाही ना, पाणी अंगावर एक-दोन सेकंद पण थांबत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्या घरात बाथ सॉल्ट हे आधी पायांसाठी बनवायचं, टबात घोट्याच्या वरपर्यंत पाय सोडून पंधरा-वीस मिनिटं निवांत बसायचं. आपल्या आज्या गरम पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय सोडून बसायच्याच की, त्यालाच थोडं नीट मापात आणि सुगंधात बसवायचं एवढंच आहे हे.

आणि अजून एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर अपेक्षाभंग नको. "बॉडी डिटॉक्स होते, विषारी द्रव्यं पायातून बाहेर पडतात" असं जे पॅकेटवर लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका, ते काम लिव्हर आणि किडनी करतात, पायाचे तळवे नाही. मॅग्नेशियम कातडीतून भरपूर आत जातं हा पण दावा पक्का सिद्ध झालेला नाही. पण कोमट-गरम पाण्याने पायाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, दिवसभर उभं राहून ताठलेले स्नायू सैल पडतात, टाचेची कडक कातडी मऊ होते, आणि झोपायच्या तास-दीड तास आधी केलं तर झोप पण लवकर लागते. हे सगळं खरंच होतं आणि तेवढ्यासाठी हा खटाटोप नक्की करावा.

कुठलं मीठ घ्यायचं

मुख्य मीठ म्हणजे एप्सम सॉल्ट. नावात सॉल्ट असलं तरी हे आपलं खायचं मीठ नाही, हे मॅग्नेशियम सल्फेट. लंडनच्या दक्षिणेला एप्सम नावाचं गाव आहे, तिथल्या झऱ्याच्या कडवट पाण्यातून १७ व्या शतकात हे काढायला लागले म्हणून ते नाव. याचे खडे काचेसारखे पारदर्शक, लांबट असतात आणि पाण्यात अगदी पटकन विरघळतात. मेडिकलमध्ये मिळतं, ऑनलाइन मिळतं, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला किंवा पुण्यात रविवार पेठेत होलसेलमध्ये विचारलं तर किलोवर पण मिळतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, विशेषतः गावाकडच्या मंडळींनी. मॅग्नेशियम सल्फेट खताच्या दुकानात पण मिळतं, द्राक्ष, डाळिंब, केळी, कापूस, सगळ्या पिकांना देतात आणि ते बरंच स्वस्त असतं. रासायनिकदृष्ट्या पदार्थ तोच, म्हणून खूप जण म्हणतात की तेच वापरू की. नका वापरू. ते पिकासाठी बनवलेलं असतं, त्यात बाकी काय काय किती आहे याची कातडीच्या हिशोबाने कोणी तपासणी करत नाही. पॅकेटवर आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचं सरकारी मानक) असं लिहिलेलं, किंवा आंघोळीसाठी असं स्पष्ट छापलेलंच घ्या.

दुसरं, आपलं जाडं मीठ. समुद्राचं, खड्याचं. पेण, उरण, पालघरपासून खाली शिरोड्यापर्यंत आणि पुढे गोव्यात पण मिठागरं आहेत, पावसाळा संपला की कामं सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत मीठ निघतं. शिरोड्याला तर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. तुमच्या जवळ मिठागर असेल तर तिथलं मीठ आणा, त्यात थोडा राखाडी-मातकट रंग असतो, ते बघून बिचकू नका, फक्त थाळीत पसरून चिखलाचे कण, काड्या निवडून टाका. नसेल तर किराणा दुकानातलं खडे मीठ चालतं. बारीक आयोडीनवालं मीठ पण चालतं, काही अपाय नाही, पण ते लगेच गिच्च होतं आणि बरणीत दिसायला पण छान नाही दिसत.

तिसरं सैंधव, म्हणजे ते गुलाबी. रंग लोखंडाच्या अंशामुळे येतो. बाकी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, जाड्या मिठासारखंच, त्यामुळे त्यावर जास्त पैसे घालवायची गरज मला वाटत नाही. भेट द्यायची असेल तर रंगासाठी थोडंसं मिसळा.

आणि खायचा सोडा. याने पाणी जरा गुळगुळीत लागतं आणि पायाचा वास कमी होतो. खायचा सोडा म्हणजे बेकिंग सोडा, सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा वेगळा, तो सोडियम कार्बोनेट, त्याच्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास जातो आणि कातडी जळजळते, खायच्या सोड्याचा ८ च्या थोडा वर. घरात दोन्ही पांढऱ्या पुड्या बिनलेबलाच्या डब्यात असतील तर अंदाजाने उचलू नका, सरळ नवीन पाकीट आणा.

ओलावा

यावर थोडं जास्त लिहिते कारण नव्वद टक्के बरण्या इथेच बिघडतात. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे आपल्याला माहीत आहे, पण त्याला एक ठराविक आकडा आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं ते तर त्याच्याही बऱ्याच आधी ओलं होतं. आता मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ ७५ च्या वरच असते. म्हणजे जुलैत रत्नागिरीत बसून तुम्ही कितीही मनापासून केलंत तरी बरणीत पाणी सुटणार, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून जाड्या मिठाचं बाथ सॉल्ट पाऊस गेल्यावर करा, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एकदम बेस्ट, आणि पावसाळ्यात हवंच असेल तर जाडं मीठ वगळून फक्त एप्सम आणि सोडा घ्या आणि आठवडाभर पुरेल एवढंच बनवा.

जाडं मीठ वापरायच्या आधी कोरडं करून घ्यायचं. जाड बुडाच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत मंद गॅसवर दहा-बारा मिनिटं परता, आधी थोडी वाफ येईल, मग खडे तडतडायला लागतील (आत अडकलेलं पाणी फुटून बाहेर येतं म्हणून), चेहरा जरा लांब ठेवा. तडतड कमी झाली की गॅस बंद, आणि ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना पुढचं काहीही मिसळायचं नाही. कडक ऊन असेल तर दुपारभर उन्हात ठेवलं तरी चालतं पण ऊन उतरायच्या आत उचला नाहीतर संध्याकाळची हवा परत ओलं करते.

पण एप्सम सॉल्ट मात्र गरम करायचं नाही, अजिबात नाही. त्याच्या खड्यात वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणीच असतं, स्फटिकाच्या आत बांधलेलं. कढईत टाकलंत की ते पाणी सुटतं आणि खडे स्वतःच्याच पाण्यात वितळून चिकट गोळा होतो, आणि मग लोक म्हणतात मीठ नकली होतं. नकली नव्हतं हो. खायचा सोडा पण तापवू नका, जास्त उष्णतेने त्याचा धुण्याचा सोडा व्हायला लागतो. म्हणजे तिघांपैकी तापवायचं फक्त जाडं मीठ, एवढं लक्षात ठेवा.

खडे मोठे असतील तर खलबत्त्यात थोडे कुटून घ्या, दोन-तीन मिलिमीटरचे झाले की पुरे. मोठे तसेच ठेवले तर टबात तळाशी राहतात आणि पायाला टोचतात. मिक्सरमध्ये फिरवायचं तर एकदाच पटकन फिरवून भांडं लगेच धुवा, मीठ पात्याला गंज आणतं.

सुगंधी तेल: इथे हात आखडता घ्या

इसेन्शियल ऑइल विकत घेताना बाटली गडद काचेची आहे का आणि त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहिलंय का बघा. गुलाब, मोगरा, चंदन यांचं खरं तेल फार महाग असतं, शंभर रुपयांत मिळतंय म्हणजे ते कृत्रिम सुगंध आहे. कृत्रिम आहे म्हणून वाईटच असं नाही पण ते कातडीसाठी बनवलेलं हवं, डिफ्यूझरचं किंवा अगरबत्ती-मेणबत्तीसाठीचं तेल इथे वापरायचं नाही.

आता महत्त्वाचं. तेल पाण्यात विरघळत नाही. मिठात मिसळलं म्हणून विरघळेल असं पण नाही, मीठ पाण्यात विरघळून जातं आणि तेलाचे थेंब तसेच वर तरंगतात, आणि मग जिथे पाय लागेल तिथे ते शुद्ध तेल सरळ कातडीला चिकटतं. त्यानेच लाल चट्टे, आग होणं वगैरे प्रकार होतात. त्यामुळे इसेन्शियल ऑइल आधी साध्या तेलात मिसळून पातळ करायचं, बदाम तेल, तिळाचं तेल काहीही चालेल. खोबरेल पण चालतं फक्त पुणे-नाशिककडच्या थंडीत ते थिजतं आणि मिठाचे गोळे होतात, तेव्हा हिवाळ्यात बदाम किंवा तीळच बरं.

काय वापरावं: लॅव्हेंडर सगळ्यात सौम्य, पहिल्यांदा करत असाल तर तेच घ्या. वाळ्याचं तेल सुंदर, मातीचा गारवा असलेला वास, आणि तो बरणीत बराच टिकतो. गवती चहाचं तेल छान वाटतं पण काहींना चुरचुरतं म्हणून निम्मंच घाला. दालचिनी, लवंग, ओव्याचं तेल नकोच, फार तीव्र असतात. लिंबाची दाबून काढलेली तेलं लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, त्यामुळे रात्रीच वापरा किंवा टाळा. नीलगिरी, पुदिना आणि कापूर लहान मुलांच्या जवळपास पण नको, कापूर तर पोटात गेला तर फिट येऊ शकते.

पहिल्यांदा कुठलंही तेल वापरताना साध्या तेलात पातळ करून कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि २४ तास बघा.

माप आणि कृती

साधारण आठशे-साडेआठशे ग्रॅम होईल, सहा-सात वेळा पाय सोडायला पुरतं:

एप्सम सॉल्ट २ कप
जाडं मीठ, परतून गार केलेलं, १ कप
खायचा सोडा अर्धा कप
बदाम किंवा तिळाचं तेल १ मोठा चमचा
इसेन्शियल ऑइल २० थेंब, म्हणजे साधारण १ मिली

कप म्हणजे २४० मिलीचा, पण कुठलीही एक वाटी धरून प्रमाण सारखं ठेवलंत तरी चालेल, फक्त तेल वाढवू नका.

सगळी भांडी, चमचे, बरणी खडखडीत कोरडी पाहिजेत, धुऊन फक्त पुसलेली नाहीत, उन्हात वाळलेली. आधी एका छोट्या वाटीत साधं तेल घ्या, त्यात इसेन्शियल ऑइलचे थेंब मोजून टाका आणि ढवळा. आता बहुतेक ठिकाणी सांगतात की हे मिश्रण मिठावर ओता, तसं केलं की काही खडे तेलकट होतात आणि काही कोरडेच राहतात. त्यापेक्षा हे तेल आधी खायच्या सोड्यात घाला. सोडा बारीक असतो, तो तेल पटकन शोषतो. बोटांनी नीट चोळा, मुटके करताना पिठाला मोहन चोळतो तसं, आणि मग पिठाच्या चाळणीतून एकदा गाळा म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घाला.

मग मोठ्या भांड्यात एप्सम आणि गार झालेलं जाडं मीठ एकत्र करा, त्यावर हा सुगंधी सोडा थोडा थोडा भुरभुरत लाकडी चमच्याने खालीवर करा. दोन-तीन मिनिटांत सगळ्या खड्यांवर पातळसा थर बसतो. लगेच बरणीत भरा, उघडं ठेवून वाळवत बसू नका, वास उडून जातो आणि ओलावा येतो. पहिले दोन-तीन दिवस रोज एकदा बरणी हलवा, गोळे धरले तर सुटतात, आणि वास पण सगळीकडे मुरतो. तिसऱ्या दिवशी उघडून बघाल तर पहिल्या दिवसापेक्षा वास गोलसर झालेला असतो.

बरणी काचेची, झाकण प्लॅस्टिकचं. लोखंडी झाकण असेल तर मिठाने गंजतं आणि तो गंज आत पडतो, त्यामुळे झाकणाच्या आतून बटर पेपरचा गोल कापून लावा. आत मलमलच्या कापडात थोडे भाजलेले तांदूळ बांधून ठेवले तर थोडाफार ओलावा तेच ओढतात. बरणी बाथरूममध्ये ठेवू नका, कपाटात ठेवा, आणि ओला हात घालून काढू नका.

रंग

रंग घालूच नये असं मला वाटतं. खायचा रंग टबाला, टाचेच्या भेगांना आणि टॉवेलला लागतो. हळद तर नकोच.

तेल न घालता, पुरचुंडी करून

मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात आवडतो आणि तो आपल्या उटण्याच्या सामानातूनच होतो. काष्ठौषधीच्या दुकानात दिवाळीच्या आधी वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, सुक्या गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल सगळं ताजं येतं. प्रत्येकी दोन-दोन चमचे घेऊन जाडसर कुटा, वाळा कात्रीने बारीक कापा. हे मिठात सरळ मिसळायचं नाही, कारण पाण्यात सगळं सुटून मोरीची जाळी तुंबते, आणि वाळ्याची मुळं पायाला टोचतात. जुन्या मलमलच्या, धुतलेल्या धोतराच्या कापडाचे चौकोन कापून एकेक मोठा चमचा घालून पुरचुंडी बांधा. मीठ आणि सोडा वेगळ्या बरणीत, पुरचुंड्या वेगळ्या डब्यात.

वापरताना पुरचुंडी आधी एका भांड्यात उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं झाकून ठेवायची, वास आणि रंग उतरला की ते पाणी पुरचुंडीसकट टबात ओतायचं. तेल नाही म्हणून टब निसरडा होत नाही, घरात म्हातारी माणसं असतील तर हाच प्रकार करा. एक पुरचुंडी एकदाच, ओली ठेवून परत वापरली तर बुरशी येते.

दुधाची पावडर घालतात काही जण, अर्धी वाटी. पाणी मऊ लागतं, पण उन्हाळ्यात लवकर खवट वास येतो. ज्या दिवशी वापरायची त्या दिवशीच मिसळा.

वापरायचं कसं

टब प्लॅस्टिकचा घ्या, घोट्याच्या वर पाणी येईल एवढा खोल. साधारण पाच-सहा लिटर पाणी आणि अर्धा कप बाथ सॉल्ट. हे लिटरला २० ग्रॅमच्या आसपास होतं, समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास खारट असतं, म्हणजे त्याच्याहून कमीच. दुप्पट टाकून दुप्पट फायदा होत नाही, उलट कातडी कोरडी पडते.

पाणी ३८ ते ४० अंश, कोपर बुडवून बघा, सुखद गरम वाटलं पाहिजे, चटका नाही. मीठ टाकून ढवळा, पाणी जरा दुधाळ दिसलं तर घाबरू नका, बोअरिंगच्या जड पाण्यात सोडा पडल्यावर तसं दिसू शकतं. पंधरा ते वीस मिनिटं बसा. मग साध्या पाण्याने पाय धुवा, बोटांच्या मधली जागा नीट कोरडी करा आणि कातडी किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा क्रीम लावून सुती मोजे घाला. हे शेवटचं बहुतेक लोक करत नाहीत, पण टाचा मऊ होणं हे मिठापेक्षा या तेलाने जास्त होतं, मीठ नुसतं सुकू दिलं तर उलट भेगा वाढतात.

बादलीने आंघोळ करायची असेल तर पाटावर बसून पाय या टबात ठेवा आणि आंघोळ वेगळ्या साध्या पाण्याने करा, दोन्ही कामं एकदम होतात. बादलीतच घालायचं असेल तर पंधरा-वीस लिटरला दोन मोठे चमचे, आणि शेवटचे दोन-तीन मग साधं पाणी. यातून मिळतो तो मुख्यतः वास, तेवढ्याचीच अपेक्षा ठेवा. आणि परदेशात किंवा इथे कोणाकडे खरंच बाथटब असेल तर भरलेल्या टबाला एक ते दोन कप.

आता वीज आणि भांड्यांचं, हे कृपया वाचाच. पाणी गरम करायला घरात रॉड असेल तर मिठाचं पाणी रॉडने कधीही तापवू नका. मिठाच्या पाण्यातून वीज साध्या पाण्यापेक्षा खूप सहज वाहते आणि रॉड पण सडतो. आधी साधं पाणी तापवा, बटण बंद करा, प्लग काढा, रॉड बाहेर काढा, पाणी प्लॅस्टिकच्या टबात ओता आणि मगच मीठ. गीझरच्या किंवा बंबाच्या पाण्यात पण आत मीठ टाकायचं नाही, टाकी आतून खराब होते. तांब्या-पितळेचं घंगाळ असेल तर त्यात पण हे पाणी भरू नका, काळंहिरवं पडतं.

कोणी करू नये

डायबिटीस असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात पाय सोडायचेच नाहीत, मीठ असो नसो. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं, आणि ती जखम लवकर भरत नाही. घरातल्या ज्या माणसाचे पाय सगळ्यात जास्त दुखतात तो बऱ्याचदा डायबिटीसचाच पेशंट असतो, आणि आपण प्रेमाने त्याच्यासाठीच टब भरतो, म्हणून इतकं जोर देऊन लिहितेय. त्यांच्यासाठी कोमट तेलाने हलक्या हाताने चोळून देणं जास्त सुरक्षित, तेही तेल हाताने तपासून.

किडनीचा किंवा हृदयाचा त्रास, कमी-जास्त होणारं बीपी, पायात रक्ताची गाठ झालेली असणं, गरोदरपण, यात पण आधी डॉक्टर. उघडी जखम, फुटलेले फोड, रक्त येणाऱ्या भेगा असतील तर भरून येईपर्यंत थांबा, मीठ झोंबतं. पावसाळ्यात बोटांच्या मध्ये चिखल्या होतात त्यावर हा उपाय नाही, ती बुरशी असते, तिला कोरडेपणा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम लागतं, टबात भिजवून ती वाढतेच. बसल्यावर चक्कर आली, छातीत धडधडलं तर पाय बाहेर काढा, पाणी प्या आणि लगेच उभं राहू नका.

लहान मुलांपासून बरणी लांब ठेवा, आणि हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. गुलाबी-पांढरे चमकणारे खडे काचेच्या बरणीत म्हणजे मुलांना ती खडीसाखरच वाटते. एप्सम सॉल्ट जास्त पोटात गेलं तर जोरदार जुलाब होतात आणि लहान मुलांत ते धोक्याचं असतं. म्हणून बरणीवर मोठ्या मराठी अक्षरात "खाण्यासाठी नाही" लिहा, खाली काय काय घातलंय ते सगळं लिहा कारण समोरच्याला कसली ॲलर्जी आहे आपल्याला माहीत नसतं, आणि बनवल्याची तारीख. दिवाळीत उटण्याबरोबर भेट द्यायची असेल तरी हे लेबल हवंच, सजावट नंतर.

तेल घातलेलं तीन-चार महिन्यांत संपवा, खवट वास आला की टाकून द्या. तेल न घातलेलं कोरडं मीठ वर्षभर राहतं. घट्ट झालेलं पण वास चांगला असलेलं मीठ वाया गेलेलं नाही, बत्त्याने फोडून वापरा. पाणी सुटलेलं असेल तर मात्र ते साठवू नका, त्याच दिवशी टबात ओतून वापरून टाका.

पाय सोडलेलं पाणी कुंड्यांना किंवा तुळशीला घालू नका, "एप्सम झाडाला चांगलं असतं" हे ऐकून बरेच जण घालतात पण आपल्या मिश्रणात जाडं मीठ आणि सोडा पण आहे, माती खारवते. ते मोरीत ओता, मागून दोन मग साधं पाणी टाका म्हणजे स्टीलच्या जाळीवर मीठ बसून गंज धरत नाही. तेलाचा प्रकार वापरला असेल तर टब आणि खालची फरशी साबणाच्या पाण्याने घासूनच घ्या, त्यावरून पुढचा माणूस घसरू शकतो.